बी कोणते, हे मुलांनी ठरवावे

बीजांकुरणाचा प्रयोग आपण सर्वच शिक्षक घेतो. ओला कापूस, चार मूग, एक बशी. दोन दिवसांत मोड येतात, मुले वहीत आकृती काढतात आणि पाठ संपतो. यात मुलांनी स्वतः ठरविलेले असे काही नसते.

निवड देणे म्हणजे बशी हवी की करवंटी, असे विचारणे नव्हे. तेवढ्याने काही बदलत नाही, हे मुलांस आपल्या आधी कळते. कोणते बी, किती पाणी, उजेडात की अंधारात, हे त्यांस ठरवू द्यावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तुलनेसाठी एक बशी नेहमीसारखी ठेवावी, हा नियम शिक्षकाने सोडू नये. नाहीतर मोड कशामुळे आला हे सांगता येत नाही.

माझ्या वर्गात एका मुलीने चिंचोके निवडले. इतरांच्या मुगांस व मटकीस लवकरच मोड आले. हिचे चिंचोके सहा दिवस होते तसेच. मुले हसू लागली. मला राहवेना, मी मटकीची मूठ तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. "गुरुजी, टरफल लई घट्ट हाय, पाणी आत जात नसंल," एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने नवे सहा चिंचोके आणले. तिहींची कड सहाणेवर घासली, तीन तसेच ठेवले. घासलेले आधी फुगले आणि पुढे त्यांतील दोहोंस मोड आला. मूठ पुढे करताना माझे लक्ष केवळ वेळापत्रकाकडे होते, हे कबूल केले पाहिजे.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा उपक्रम २००२ पर्यंत चालला. तेथे मुले गटागटाने प्रयोग करून स्वतः निष्कर्ष काढीत. परीक्षेतही पुस्तक उघडण्यास मुभा असे.

पटसंख्या मोठी असल्यास चार-चारांचे गट करावेत. बी कोणते यावरून गटांत वाद होतील. त्यांस अर्धी तासिका खुशाल द्यावी. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा घरोघरी पेरणीचे बियाणे असते. मुले तेच उचलून आणतात, म्हणून औषध लावलेले बियाणे वर्गात येऊ देऊ नये.