डोळे आले, की दुसरे काही?

मुलाचे डोळे लाल झाले की आपण म्हणतो, "डोळे आले." गुलाबपाणी घालतो आणि गप्प बसतो. पण दरवेळी ते डोळे येणेच असते असे नाही.

डोळे येतात तेव्हा बहुधा चिपडे धरतात, पापण्या चिकटतात. कावासाकी आजारात दोन्ही डोळे लाल होतात, पण चिपडे नसतात. बुबुळाला लागून थोडी जागा पांढरीच राहते.

हा आजार बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. टोकियोच्या डॉक्टर कावासाकींनी १९६७ साली तो जगापुढे मांडला. यात रक्तवाहिन्या सुजतात. ताप हटत नाही. ओठ फुटतात, जीभ लालभडक होते, अंगावर पुरळ येते, हातपाय सुजतात. सगळ्या खुणा एकदम दिसतीलच असे नाही.

डोळ्यांची लाली बहुधा आपोआप जाते, नजरही वाचते. खरा घाला पडतो काळजावर. काळजाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या फुगतात. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून औषध दिले, तर हा धोका पुष्कळ टळतो.

परळला मुलांचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून आहे. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, याच्यासारख्याच आजाराची मुले तेथे आली होती.

आम्ही एवढेच सांगतो : ताप आणि लाल डोळे असतील, तर पाचवा दिवस उलटू देऊ नका. मुलाला डॉक्टरांकडे न्या. ताप कधी आला, तो दिवस लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते!

सांगा पाहू :
१. चिपडे कशात नसतात?
२. खरा धोका कशाला असतो?