गाडीच्या मागच्या दाराची काच : पारखून घ्या, पारखून बसवा

आज वऱ्हाडातील व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याच्या दुकानाचाच एक भाग आहे. अमरावतीहून कापडाचे नमुने घेऊन निघायचे, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर असे गाव करायचे, ऑर्डर आणि वसुली घेऊन रात्री परत यायचे, हा अनेक बंधूंचा नेहमीचा क्रम आहे. जुम्म्याला त्याच गाडीच्या मागच्या सीटवर मुले बसतात. अशा गाडीची मागच्या दाराची काच फुटली की घाई होते. व्यापारी म्हणतो, काहीतरी लावून द्या, उद्या बाजार आहे. काही ठिकाणी मग खिडकीला लावतात ती साधी काच मापाने कापून दारात बसवली जाते. काच वर-खाली होते, बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही आणि पैसेही वाचतात. परंतु हा सौदा महागात पडणारा आहे. तो का, आणि योग्य काम कसे करून घ्यावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

काच आणि काच यात फरक

गाडीला दोन जातीच्या काचा असतात. समोरची मोठी काच दोन पातळ काचांमध्ये चिकट पडदा घालून जोडलेली असते. ती फुटली तरी तुकडे त्या पडद्याला चिकटून राहतात. या काचेचा शोध फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी लावला आणि १९०९ साली त्याचे पेटंट घेतले. बाजूच्या दारांची आणि बहुतेक गाड्यांत डिकीची काच वेगळ्या जातीची असते. तिला टफन्ड काच म्हणतात.

टफन्ड काच तयार करताना आधी साधी काच नेमक्या मापात कापतात, तिचे काठ घासतात, भोक हवे असेल तर तेही पाडून घेतात. नंतर ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून वळण देतात आणि दोन्ही बाजूंनी जोरदार हवा मारून एकदम थंड करतात. वरचा थर आधी आक्रसतो, आतला मागाहून. त्यामुळे बाहेरचा थर दाबात आणि आतला ताणात राहतो. या ओढाताणीनेच ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते.

मागावर ताणून बसवलेला ताणा कोणी मधेच कापला तर सगळे धागे एकदम सुटतात. टफन्ड काचेचेही तसेच आहे. भट्टीतून निघाल्यावर तिला हिरकणी लावता येत नाही, भोक पाडता येत नाही, काठ घासून कमी करता येत नाही. एका जागी ताण सुटला की सबंध काच खडीसाखरेच्या खड्यांसारख्या बारीक तुकड्यांत विखुरते. या खड्यांनी खरचटते, परंतु खोल जखम सहसा होत नाही. साधी काच फुटली तर सुऱ्यासारखे लांब तुकडे पडतात. मागच्या सीटवर बसलेल्या मुलाचे डोके त्या काचेपासून वीतभर अंतरावर असते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर बाकीचा हिशेब आपोआप समजतो.

यावरून आणखी एक कसोटी मिळते. कोणी कारागीर गाडीच्या दारासाठी काच तुमच्यासमोर कापू लागला, तर ती टफन्ड काच नाही हे निश्चित समजावे. तसेच समोरच्या काचेचा छोटा टवका भरून दुरुस्त होतो, परंतु दाराच्या काचेची दुरुस्ती होत नाही. ती बदलावीच लागते.

कोपऱ्यातील छाप पाहा

कापड घेताना आपण ताग्याच्या काठावरचा मिलचा छाप पाहतो. काचेच्या कोपऱ्यातही असाच छाप असतो. त्यात बनवणाऱ्याचे नाव, टफन्ड असल्याची खूण आणि आयएसआयच्या चिन्हाबरोबर आयएस २५५३ हा मानक क्रमांक असतो. त्या मानकाचा दुसरा भाग वाहनांच्या काचेसाठी आहे. छाप काचेवर पक्का उमटवलेला असावा, नखाने निघणारे स्टिकर म्हणजे छाप नव्हे. आपल्या राज्यात पुण्याजवळ चाकणला सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना आहे. १९८४ साली स्थापन झालेली असाही इंडिया हीसुद्धा या धंद्यातील मोठी कंपनी आहे. त्यामुळे नेहमीच्या गाड्यांची छापाची काच मिळणे अवघड नाही. गावात नसली तर दुकानदार मागवून देतो. एक-दोन दिवस थांबावे, पण छाप सोडू नये.

जुनी गाडी विकत घेतानाही हा छाप उपयोगी पडतो. चारही दारांच्या काचांवर बहुधा एकाच कंपनीचा छाप असतो. एकाच दारावर वेगळा छाप दिसला तर ती काच बदललेली आहे असे समजून विक्रेत्याला कारण विचारावे.

फुटल्यावर प्रथम काय करावे

काच फुटण्याची कारणे निरनिराळी आहेत. गिट्टीच्या ट्रकच्या चाकातून खडा उडतो, पिशवीच्या लोभाने चोर काच फोडतो, आतून लोखंडी गज किंवा पेटीचा कोपरा काचेवर आदळतो. अमरावती-अकोला रस्ता अनेक वर्षे खोळंबला होता. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान एकपदरी मोजून ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. रस्ता चांगला झाला तसा वेगही वाढला, आणि वेग वाढला की लहान खडाही जोराने लागतो. गिट्टीच्या ट्रकपासून अंतर ठेवावे हे उत्तम.

काच फुटल्यास गाडी सुरक्षित जागी उभी करावी. मुलांना दुसऱ्या बाजूने उतरवावे. तडकलेली काच अजून चौकटीत असेल तर ती खाली घेण्याचा प्रयत्न करू नये आणि दार आपटू नये. हात लावण्याआधी फोटो घ्यावेत. चोरी झाली असेल तर काही हलवण्याआधी पोलिसांत कळवावे. नंतर जाड हातमोजे घालून खडे उचलावे. सीटच्या फटीत आणि पट्ट्याच्या कुलपात बारीक काच राहते. ती हाताने न काढता व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. तात्पुरते जाड प्लास्टिक लावता येते. मात्र चिकटपट्टी रंगावर उन्हात फार दिवस ठेवू नये, तिचा गोंद रंगाला धरतो.

बसवण्याची रीत

मागच्या बाजूची काच तीन तऱ्हेने बसवलेली असते. आपली कोणती आहे हे आधी ओळखावे.

पहिली, दारात वर-खाली होणारी काच. यासाठी दाराचे आतले पॅड उतरवावे लागते. स्क्रू आणि क्लिपा नीट सांभाळून ठेवाव्यात. आतील प्लास्टिकचा पडदा न फाडता बाजूला करावा, तो पावसाचे पाणी पॅडपर्यंत येऊ देत नाही. दाराच्या पोकळीतले सगळे खडे काढावेत. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती काचेच्या खड्यांनी बुजली तर पावसाळ्यात पाणी साचून पत्रा गंजतो. हे काम घाईत हमखास राहते, म्हणून मालकाने उभे राहून करवून घ्यावे. पुष्कळ गाड्यांत मागच्या दारात उभी पट्टी असते. ती सैल केल्याशिवाय नवी काच आत जात नाही. जोर लावून काच घुसवल्यास तिच्या काठाला टवका जातो आणि काठ हीच टफन्ड काचेची नाजूक जागा आहे. काच वर-खाली करणाऱ्या मशीनला ती बसवताना बोल्ट बेताने आवळावा. रबर कडक झालेले असेल तर त्याच वेळी बदलावे. पॅड लावण्यापूर्वी काच पाच-सहा वेळा वर-खाली करून पाहावी आणि बाहेरून पाणी सोडून गळती तपासावी.

दुसरी, रबरात बसणारी पक्की काच. जुन्या व्हॅन आणि जीपसारख्या गाड्यांत ही आढळते. काचेला भोवती रबर चढवतात, रबराच्या खाचेत मजबूत दोरी फिरवतात, काच बाहेरून चौकटीला लावून धरतात आणि आतून दोरी हळूहळू ओढतात. दोरीबरोबर रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. दोन माणसांचे काम आहे. ठोकाठोकी केल्यास काच जाते.

तिसरी, पेस्टने चिकटवलेली छोटी पक्की काच. जुनी पेस्ट चाकूने कापून पत्र्यावर तिचा पातळ थर ठेवतात, खरचटलेल्या जागी प्रायमर लावतात, मग नवी पेस्ट एकसारखी ओढून काच बसवतात आणि चिकटपट्टीने धरून ठेवतात. येथे वऱ्हाडातील कारागिरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही पॉलियुरेथेन पेस्ट उन्हाने वाळत नाही, ती हवेतील ओलावा घेऊन घट्ट होते. आपल्याकडे मे महिन्यात हवा अगदी कोरडी असते. २०२४ च्या मे महिन्यात तर उष्णतेमुळे अकोल्यात कलम १४४ लावण्याची वेळ आली होती. अशा दिवसांत ऊन कडक आहे म्हणून काम लवकर वाळेल असे समजणे चुकीचे आहे, उलट वेळ जास्त लागतो. गाडी सावलीत घेऊन काम करावे आणि पेस्टच्या वेष्टनावर लिहिलेला वेळ पुरा होऊ द्यावा.

काळी काच आणि कायदा

उन्हासाठी किंवा घरच्या स्त्रियांच्या पडद्यासाठी अनेक बंधू काचेवर काळी फिल्म चढवून मागतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बाजारातील काळी फिल्म चढवण्यास मनाई केली. तेव्हा नवी काच घेताना कारखान्यातूनच हलकी हिरवट आलेली, नियमात बसणारी काच घ्यावी. रस्त्यावर दंड भरण्यापेक्षा हे बरे.

विम्याचा हिशेब

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण पॉलिसीत काचेवर घसारा कापला जात नाही, रबर व प्लास्टिकवर ५० टक्के कापला जातो. याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. दावा केला की पुढील वर्षी नो क्लेम बोनसही जातो.

समजा, काच व मजुरी मिळून खर्च २,५०० रुपये आला. लहान गाडीला १,००० वजा जाऊन हातात १,५०० येतील. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६,००० असून त्यावर ५० टक्के बोनस मिळत असेल, तर पुढील वर्षी ३,००० रुपये जास्त भरावे लागतील. म्हणजे १,५०० साठी ३,००० गेले. बोनस सांभाळणारी जोड पॉलिसी नसेल तर असा छोटा खर्च खिशातून करणेच फायद्याचे. मोठे नुकसान असेल तर मात्र दावा जरूर करावा.

आणखी एक बाब कापड व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. खासगी गाडीच्या पॉलिसीत नमुने व स्वतःचे सामान सोडून मालाची वाहतूक बसत नाही. मागच्या सीटवर तागे रचून गावोगावी माल पोहोचवणाऱ्याचा दावा कंपनी नाकारू शकते. माल न्यायचा तर मालवाहू गाडीनेच न्यावा.

कारागीर बंधूंना दोन शब्द

काचेचे काम हा चांगला हुन्नर आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो शिकून आलेला मुलगा हे काम लवकर हस्तगत करतो. परंतु या धंद्यात ग्राहकाला माल पारखता येत नाही आणि आपल्याला येतो. त्यामुळे आपले ज्ञान ही ग्राहकाची अमानत आहे. कुराणातील त्र्याऐंशीवी सूरह, सूरह मुतफ्फिफीन, माप मारणाऱ्यांबद्दल आहे हे आपण सारे जाणतो. टफन्ड काचेचे पैसे घेऊन साधी काच बसवणे हेही माप मारणेच होय. मालातील ऐब सांगून माल विकावा ही तर आपली जुनी तालीम आहे.

म्हणून ग्राहक आला की त्याला तीन भाव वेगवेगळे सांगावेत. गाडीच्या कंपनीची काच, दुसऱ्या कारखान्याची छापाची काच आणि भंगारातील गाडीची जुनी काच. जुनी काच त्याच मॉडेलची, छापाची आणि काठाला टवका नसलेली असेल तर बसवण्यास हरकत नाही, मात्र पावतीवर जुनी असे लिहून द्यावे. अनोळखी माणसाने आणलेल्या काचा घेऊ नयेत, त्या चोरीच्या असू शकतात. मजुरी कामाआधीच ठरवावी. आणि कोणी साधी काच कापून लावा असा हट्ट धरला, तर नम्रपणे नकार द्यावा. त्या दिवसाचे चारशे-पाचशे रुपये जातील, पण मागच्या सीटवरचे मूल सुरक्षित राहील आणि इन्शाअल्लाह अशाच कमाईत बरकत असते.