येत्या वर्षाचे एक पुस्तक



जानेवारीचे कॅलेंडर भिंतीवर लागण्यापूर्वी चार-पाच आठवडे आधीच, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, ख्रिस्तसभेचे नवे वर्ष सुरू होते. या सुमारास घराघरांत पुढच्या वर्षाचे बेत ठरू लागतात. लग्नाच्या तारखा, घराची डागडुजी, मुलांची फी, वेलंकनीची यात्रा. ‘येत्या वर्षी मी काय वाचणार?’ हा प्रश्न मात्र या बेतांत सहसा नसतो. तो असावा, असे आम्हांला वाटते. केवळ शिक्षकांनी आणि कॉलेजात जाणाऱ्यांनीच नव्हे, तर दिवसभर वाडीत राबणाऱ्यांनी आणि विरार लोकलने उभ्याने घरी येणाऱ्यांनीही तो स्वतःला विचारावा.

‘फादर, दमून आल्यावर वाचायला त्राण कुठे राहते?’ असे पुष्कळ जण आम्हांला म्हणतात. अडचण खरी आहे. पण वाचनाची शिस्त ज्या संतांनी आपल्याला घालून दिली, ते संत बेनेडिक्ट हातांनी कष्ट करणाऱ्या माणसांसाठीच लिहीत होते. सहाव्या शतकात त्यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ४८ व्या प्रकरणात कामाचे तास आणि वाचनाचे तास शेजारी शेजारी मांडले आहेत. त्याच प्रकरणात एक छोटासा नियम आहे. प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी प्रत्येकाला ग्रंथालयातून एक ग्रंथ द्यावा, आणि त्याने तो सुरुवातीपासून, क्रमाने, संपूर्ण वाचावा. वाचनाच्या वेळी एक-दोन वडीलधाऱ्यांनी मठात फेरी मारावी आणि कुणी पुस्तक बाजूला ठेवून गप्पा मारत बसला आहे का, ते पाहावे, असेही त्यांनी पुढे सांगितले आहे. कंटाळा मठातही होताच. बेनेडिक्ट यांना तो ठाऊक होता.

या नियमात आम्हांला फार शहाणपण दिसते. ग्रंथ एकच आहे, दहा नाहीत. तो चाळायचा नाही, पुरा करायचा आहे. शिवाय तो दुसऱ्याच्या हातून मिळतो, आणि ‘कुठवर आलास?’ असे विचारणारा कुणीतरी आहे. आपल्या वाचनाचे संकल्प बहुधा याच्या अगदी उलट असतात. उत्साहाच्या भरात आपण वीस पुस्तकांची यादी करतो, ती कुणालाही दाखवत नाही, आणि फेब्रुवारीत ती कुठे ठेवली हेही आठवत नाही.

म्हणून यादी लहान असावी. तिच्या पहिल्या ओळीवर काय असावे, हे ख्रिस्तसभेनेच आपल्यासाठी ठरवून ठेवले आहे. रविवारच्या उपासनेचे वाचन तीन वर्षांच्या चक्राने चालते. ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक. योहानाचे शुभवर्तमान प्रामुख्याने प्रायश्चित्तकाळात आणि पुनरुत्थानकाळात येते. कोणते वर्ष चालू आहे हे ओळखायला सोपा हिशेब आहे. सनाच्या आकड्याला तीनने पूर्ण भाग गेला तर ते ‘क’ वर्ष. २०२५ हे ‘क’ होते, २०२६ ‘अ’, २०२७ ‘ब’. मात्र हे वर्ष आदल्या नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या आरंभी, आगमनकाळातच सुरू होते, एवढे लक्षात ठेवावे. रविवारी जे शुभवर्तमान आपण तुकड्यातुकड्यांनी ऐकतो, ते घरी एकदा सलग वाचून पाहा. मार्क सर्वांत लहान, केवळ १६ अध्यायांचा. मोठ्याने वाचला तरी साधारण दीड तासात संपतो, म्हणजे टीव्हीवरच्या एका सिनेमापेक्षाही कमी वेळात. ज्यांना अधिक झेपेल त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब: नव्या कराराचे अध्याय बरोबर २६० आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय वाचला, तर ५२ आठवड्यांत संपूर्ण नवा करार होतो, आणि दोन दिवस सुट्टीही मिळते.

दुसरे पुस्तक कसे निवडावे? इथे संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट आठवते. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते लोयोलाच्या घरी अंथरुणाला खिळले. वेळ जाईना म्हणून त्यांनी शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरात तसले एकही पुस्तक नव्हते! होती ती ख्रिस्ताचे एक चरित्र आणि संतांच्या चरित्रांचा एक ग्रंथ. नाइलाजाने तेच वाचले. पुढे जे घडले ते येशूसंघाच्या इतिहासात आहे. पण त्या आजारपणात त्यांनी केलेले एक निरीक्षण आपल्या यादीच्या कामाचे आहे. शूरवीरांचे आणि एका उच्चकुलीन स्त्रीचे विचार करत असताना त्यांना आनंद व्हायचा, पण विचार थांबले की मन कोरडे आणि असमाधानी राहायचे. संतांचे अनुकरण करण्याचे विचार मात्र संपल्यावरही मन प्रसन्न ठेवायचे. पुस्तकाची परीक्षा वाचताना होत नाही, मिटल्यानंतर होते. गेल्या वर्षी वाचलेले, पाहिलेले आठवून ही कसोटी लावावी, आणि नंतर यादीला बसावे.

या गोष्टीतली दुसरी बाजूही विसरू नये. जे घरात होते तेच वाचले गेले. १९२१ च्या उन्हाळ्यात एडिथ स्टाइन ही ज्यू कुळातील तत्त्वज्ञ मैत्रिणीच्या घरी राहिली होती. तिथे तिच्या हाती अविलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र लागले. १ जानेवारी १९२२ रोजी तिने स्नानसंस्कार स्वीकारला. पुढे ती कार्मेलाइट संन्यासिनी झाली, १९४२ साली आउश्वित्झच्या छळछावणीत मारली गेली, आणि १९९८ मध्ये ख्रिस्तसभेने तिला संत घोषित केले. कुणाच्या तरी कपाटात ते पुस्तक होते, म्हणून ते तिला मिळाले. आपल्या कपाटात काय आहे? पाहुणा आला, मूल आजारी पडून आठ दिवस घरी राहिले, तर त्याच्या हाती काय लागेल?

उत्तर बहुधा ‘मोबाईल’ असेच येईल. मोबाईलवर वाचणे वाईट नाही, आम्हीही वाचतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक भेद शिकवला होता, तो अलीकडे वारंवार आठवतो. जाणण्याची इच्छा नीट वळणावर असली तर तो अभ्यासूपणाचा सद्गुण होय. तीच मोकाट सुटली की नुसते कुतूहल, आणि ते दुर्गुणात जमा. दोन्हींत माणूस माहितीच गोळा करत असतो. व्हॉट्सअॅपवर रात्री अकरापर्यंत आपण जे वाचतो ते यांपैकी कशात मोडते, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता आम्हांला सर्वाधिक काळजी आहे त्या गोष्टीकडे येतो. आपल्या अनेक घरांत मराठी सहज वाचणारी ही शेवटची पिढी ठरेल की काय, असे वाटते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांवर आम्ही टीका करत नाही. आईवडिलांनी मुलांचे भले पाहूनच तो निर्णय घेतला आहे. पण आजी मराठीत प्रार्थना करते आणि नातवाला त्याच प्रार्थनेचे पुस्तक वाचता येत नाही, असे चित्र दिसू लागले आहे. काही तरुण शास्त्रपाठ रोमन लिपीत उतरवून घेऊन वाचपीठावर येतात. त्यांना हसू नये. मराठीतले आपले सर्वांत मोठे ख्रिस्ती काव्यही पहिल्यांदा रोमन लिपीतच छापले गेले होते.

ते काव्य म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, साष्टी प्रांतात राहिले, इथली भाषा शिकले आणि सुमारे ११ हजार ओव्यांत त्यांनी तारणाचा इतिहास मराठीत गायिला. १६१६ साली तो रायतूर येथे छापला गेला. ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक फादरांना सांगतात की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला आम्हांला दुसरे काही द्या. म्हणजे हा ग्रंथ वाचकांनी मागून घेतलेला आहे! पुढे लोकांनी तो हाताने लिहून ठेवला, आणि अशा हस्तलिखितांमुळेच तो आपल्यापर्यंत पोहोचला. पुण्याहून १९५६ साली तो देवनागरीत प्रसिद्ध झाला. भाषा जुनी आहे, कोकणी शब्दही पुष्कळ आहेत, त्यामुळे पहिली काही पाने अडखळायला होते. पण आपल्या आजीला काही शब्द ओळखीचे वाटतील, नातवाला वाटणार नाहीत. नातवाने अक्षर लावायचे, आजीने अर्थ सांगायचा. आठवड्याला वीस ओव्या झाल्या तरी पुष्कळ.

ओव्या अवघड वाटल्या तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्यावीत. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. पण पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर एका साध्या स्त्रीवर काय गुदरले आणि ती हळूहळू ख्रिस्ताकडे कशी आली, हे इतक्या हसतखेळत दुसऱ्या कुणी लिहिले असेल असे आम्हांला वाटत नाही. शाळेत न गेलेल्या बाईचे हे पुस्तक आहे. ‘मला काय वाचता येणार’ म्हणणाऱ्या भगिनींना आम्ही ते मुद्दाम सुचवतो. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ज्या घरांत शोभेसाठी ठेवले आहे, त्यांनी ते खाली काढावे. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, याचा आपल्याला अभिमान आहे. २०२४ च्या जुलैमध्ये फादर प्रभूघरी गेले, तेव्हा आपण सर्वांनी त्यांच्याविषयी खूप बोललो. आता त्यांचे वाचूही या.

यादीत धार्मिक नसलेले पुस्तक चालेल का, असे कुणी कुणी दबक्या आवाजात विचारते. ज्येष्ठांच्या मनात निषिद्ध पुस्तकांच्या सूचीची आठवण अजून असते. १५५९ पासून चालत आलेली ती सूची कायदा म्हणून १९६६ मध्ये संपली. पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनावर स्वतंत्र पत्रच लिहिले. तरुणपणी ते सांता फे येथील शाळेत साहित्य शिकवत. मुलांना अभ्यासक्रमातले जुने वीरकाव्य नकोसे झाले, तेव्हा त्यांनी ते घरी वाचायला सांगितले आणि वर्गात मुलांच्या आवडीच्या लेखकांवर बोलले. केवळ कर्तव्य म्हणून वाचण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत त्या पत्रात स्पष्ट आहे. तेव्हा एक ओळ निव्वळ आवडीसाठी ठेवा. कादंबरी चालेल, शेतीचे पुस्तकही चालेल.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सकाळच्या दोन्ही मिस्सांनंतर चर्चच्या वाचनालयाचे कपाट उघडे राहील. शेजारी टेबलावर एक वही असेल. तिच्यात आपले नाव आणि एकाच पुस्तकाचे नाव लिहायचे, आणि पुढच्या रकान्यात अशा माणसाचे नाव, जो आपल्याला अधूनमधून ‘कुठवर आले?’ म्हणून विचारील. नवऱ्याने बायकोचे लिहिले तरी हरकत नाही. ज्यांना डोळ्यांमुळे वाचता येत नाही त्यांनी ‘वाचून दाखवावे’ एवढेच लिहावे. युवक मंडळाच्या मुलामुलींना आम्ही त्यांच्या घरी पाठवू. वहीच्या पहिल्या ओळीत आमचे नाव असेल आणि समोर ‘ख्रिस्तपुराण’. विचारणाऱ्याचा रकाना आम्ही मोकळा सोडला आहे. तिथे आपल्यापैकी कुणीही सही करावी.