उलटं ठेवलं की जमतं कसं?

प्रश्न : चित्र उलटं ठेवून पाहून काढलं, तर विद्यार्थ्याला ते अधिक चांगलं का जमतं?

उत्तर : अमेरिकी कलाशिक्षिका बेटी एडवर्ड्‌स यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे हा प्रयोग गाजला. त्यात पिकासोने १९२० मध्ये रेखाटलेलं संगीतकार स्ट्राविन्स्कीचं चित्र उलटं ठेवून काढायचं असतं. सुलट चेहरा दिसला की नवशिका समोर बघतच नाही; पाठ झालेला बदामी डोळा कागदावर उतरवून मोकळा होतो! उलट्या चित्रात नाक-डोळे चटकन ओळखू येत नाहीत. मग रेषा कुठे वळते, मधली जागा किती, हेच पाहावं लागतं.

एडवर्ड्‌स यांनी याचं श्रेय मेंदूच्या उजव्या भागाला दिलं. इतकी सरळ वाटणी शास्त्रज्ञ आज मानत नाहीत. सराव मात्र उपयोगी आहे.

पुढचा धडा : खुर्ची काढू नका, तिच्या पायांमधली मोकळी जागा रेखाटा.