एकट्याने खेळावयाचा संगणकीय डाव व गणिताचा पाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाते, आणि वीज परत आली तरी इंटरनेटची जोडणी लवकर येतेच असे नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तर कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. अशा ठिकाणी शाळेतील एकुलता एक संगणक जोडणीवाचून निरुपयोगी झाला, असे समजून तो झाकून ठेवण्याची प्रथा पडते. ती योग्य नव्हे. जोडणीची मुळीच गरज नसलेला व गणिताच्या पाठास उत्तम उपयोगी पडणारा एक खेळ म्हणजे फ्रीसेल होय.

विंडोज ७ पर्यंतच्या जुन्या संगणकांत हा खेळ आयताच मिळतो. लिनक्सवरही तो विनामूल्य उपलब्ध आहे. पॉल आल्फिल यांनी १९७८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकयंत्रणेवर तो प्रथम तयार केला.

पत्ते म्हटले की पालक कपाळाला आठ्या घालतील. त्यांस सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचे स्मरण द्यावे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. हा आपल्याच जिल्ह्याचा वारसा आहे. मात्र गंजिफा चारचौघांत बसून खेळतात, आणि फ्रीसेल एकट्याचा आहे.

यात ५२ पाने आठ ओळींत उघडी मांडलेली असतात: चार ओळींत सात-सात, चार ओळींत सहा-सहा. (बेरीज मुलांकडून करवून घ्यावी.) लाल दश्शीवर काळी नव्वी, त्यावर लाल अठ्ठी, अशी उतरती भांजणी लावावयाची, आणि एक्क्यापासून राजापर्यंत चढत्या भांजणीने चारही रंग पूर्ण करावयाचे. एक-एक पान तात्पुरते ठेवण्यास चार रिकामी घरे असतात. एका वेळी एकच पान हलते. म्हणून घरे रिकामी असतील त्याहून एक अधिक इतक्याच पानांची लड दुसऱ्या ओळीवर नेता येते: चार घरे रिकामी असल्यास पाच पाने, दोन असल्यास तीन. आणखी एक पूर्ण ओळ रिकामी असेल तर ही संख्या दुप्पट होते. हा नियम आधी सांगू नये. मुलांनी तो पाने हलवून शोधावा. त्यासाठी एक तास गेला तरी तो वाया गेला असे मानू नये.

सर्व पाने उघडी असल्याने येथे नशिबाचा भाग मांडणीपुरताच राहतो. शिवाय प्रत्येक डावास क्रमांक असतो, व तोच क्रमांक दिला की तीच मांडणी पुन्हा येते. संगणक एक आणि मुले तीस, ही अडचण यामुळेच सुटते. एका मुलाने पडद्यावर डाव मांडावा, तीच मांडणी फळ्यावर उतरवावी, आणि इतरांनी पुठ्ठ्याची पाने कापून गटागटाने ओसरीवर मांडावी. पडद्यापाशी बसलेल्यास मात्र कोणीही सल्ला देऊ नये.

विंडोजमधील मूळ खेळात ३२,००० डाव होते. प्रत्येक डाव सुटतो असे मानले जाते, पण ते सिद्ध झालेले नाही, अशा आशयाची सूचना खेळाच्या मदतपानावर होती. १९९४-९५ मध्ये अनेक हौशी खेळाडूंनी हे डाव आपसांत वाटून घेतले आणि ज्याने त्याने आपापल्या संगणकापुढे बसून सोडविले. एकच उरला: क्रमांक ११९८२. पुढे संगणकाकडून सर्व शक्यता तपासल्यावर तो सुटतच नाही असे ठरले. ‘मानणे’ आणि ‘सिद्ध होणे’ यांतील अंतर उच्च प्राथमिक वर्गास समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

हा डाव मुलांस न सांगता देण्याचा मोह काही शिक्षकांस होईल. तो आवरावा. एकटे बसून हरलेले मूल दोष स्वतःकडे घेते, विशेषतः जे वर्गात एरवीच मागे असते ते. आधी सुटणारे चार-पाच डाव त्याच्या हातून होऊ द्यावेत. मग ११९८२ हा क्रमांक, तो कोणालाच सुटलेला नाही असे सांगूनच, त्याच्यापुढे ठेवावा. कोठे अडले ते त्याने वहीत लिहावे. मध्येच वीज गेली, तर डाव ओसरीवर पुठ्ठ्यांत मांडलेला असतोच; पडद्यापाशी बसलेल्यास तेथे बोलवावे.