सुरुवात किकीपासून

चि. सायलीस,


घिबलीचे सिनेमे कुठून पाहायला घ्यावेत असं विचारलंस आणि खाली १९८४ पासून २०२३ पर्यंतची सालवार यादीही जोडलीस. यादी चोख आहे, पण त्या क्रमानं जाऊ नकोस. गेलीस तर चौथ्या क्रमांकाला ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ समोर येईल आणि पुढचे पंधरा दिवस तू काहीच पाहणार नाहीस. शिवाय यादीतला पहिला ‘नॉसिका’ हिशेबानं घिबलीचा नाहीच. तो टॉपक्राफ्ट नावाच्या कंपनीत तयार झाला. त्याला यश मिळालं, तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेनं पैसे घातले आणि १९८५ साली हायाओ मियाझाकी, इसाओ ताकाहाता हे दोन दिग्दर्शक आणि तोशिओ सुझुकी यांनी मिळून स्टुडिओ घिबली उभा केला.

आपल्याकडे हे नाव घरोघर पोचलं ते सिनेमांमुळे नव्हे. २०२५ च्या मार्चमध्ये लग्नाचे, साखरपुड्याचे, गणपतीच्या आरतीचे फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ‘घिबली’ करून घ्यायची लाट आली आणि व्हॉट्सअॅपवरचे आजोबासुद्धा गुलाबी गालांचे झाले. त्या चित्रांत मऊ रंग होते, टपोरे डोळे होते, फुगलेले ढग होते. चित्र काही क्षणांत हजर. याच स्टुडिओच्या ‘द विंड राइझेस’मध्ये गर्दीचं एक दृश्य आहे, पडद्यावर जेमतेम चार सेकंद टिकणारं. एइजी यामामोरी या चित्रकाराला ते काढायला सव्वा वर्ष लागलं. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे सव्वा वर्ष मात्र डोक्यात ठेवून सिनेमे बघ.

कारण उडते किल्ले, जंगलातले देव आणि बोलणारी मांजरं जरा बाजूला सारली तर घिबलीचे बरेचसे सिनेमे कामाबद्दल आहेत. यातल्या मुली सतत काहीतरी करत असतात. डबे भरतात, फरशा पुसतात, विमानाचे आराखडे काढतात, भट्टीचे भाते तुडवतात. हा योगायोग नाही. मियाझाकी आणि ताकाहाता यांची गाठ पडली ती साठच्या दशकात, तोएई या कंपनीत, आणि दोघंही तिथल्या कामगार संघटनेचे खंदे पदाधिकारी होते. ताकाहातांचा पहिला मोठा सिनेमा, १९६८ सालचा ‘होरस’, त्याच मंडळींच्या जोरावर झाला. पुढे दोघं ज्या निप्पॉन अॅनिमेशनसाठी मालिका करत होते, त्याच कंपनीनं नंतर ‘जंगल बुक’ काढली. दूरदर्शनवर रविवारी मोगली लागला की तुझी आई हातातलं काम टाकून बसायची, ती हीच मालिका. मोगलीत या दोघांचा हात नव्हता, पण घराणं तेच.

तेव्हा सुरुवात ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’पासून कर. बहुतेक लोक ‘स्पिरिटेड अवे’ सांगतील, ऑस्कर मिळालंय म्हणून. थोडे जाणकार ‘टोटोरो’ सांगतील. पण तू नुकतीच परक्या शहरात खोली घेऊन पहिली नोकरी धरली आहेस आणि १९८९ सालचा हा सिनेमा नेमका त्याच गोष्टीचा आहे. एइको कादोनो यांच्या मुलांसाठीच्या पुस्तकावर तो बेतला आहे. चेटकिणींच्या रिवाजाप्रमाणे तेरा वर्षांची किकी घर सोडते. तिनं अनोळखी गावात वर्षभर स्वतःच्या बळावर राहायचं असतं. बरोबर एक काळं मांजर, वडिलांचा रेडिओ आणि आईची केरसुणी. अंगी एकच कला, उडण्याची. तीही धड नाही, निघताना झाडांवर आपटते. समुद्राकाठच्या गावात तिला पहिल्यांदा पोलिसाची तंबी मिळते, हॉटेलवाला पालक कुठे आहेत म्हणून विचारतो. शेवटी दिवस भरत आलेली एक बेकरीवाली तिला माडीवरची धुळीनं भरलेली खोली देते आणि किकी सामान पोचवायचा धंदा सुरू करते.

यातला एक प्रसंग तुला खास ओळखीचा वाटेल. एका आजीबाईंना नातीच्या वाढदिवसाला माशाचा ‘पाई’ पाठवायचा असतो आणि ऐन वेळी विजेची भट्टी दगा देते. किकी जुनी लाकडाची भट्टी पेटवते, घामाघूम होऊन पाई भाजून घेते आणि मुसळधार पावसात तो पोचवते. नात दार उघडते, आजीचे हे पाई मला आवडत नाहीत अशा सुरात डबा घेते आणि दार लावून घेते. भिजलेली किकी बाहेर. दुष्ट कुणी नाही, अन्याय म्हणावा असंही काही नाही, घेणाऱ्याला त्या कामाची किंमत नाही इतकंच. पुढे तिला ताप येतो, आणि बरी झाल्यावर एक दिवस लक्षात येतं की उडणंच गेलंय. तिला जंगलात एकटी राहणारी उर्सुला नावाची चित्रकर्ती भेटते. तिचीही चित्रं मधूनच थांबतात. तिचा उपाय साधा आहे: काढत राहायचं, तरीही जमलं नाही तर थांबायचं, फिरायचं, झोप काढायची. मूळ जपानीत किकी आणि उर्सुला यांचा आवाज एकाच अभिनेत्रीचा, मिनामी ताकायामा यांचा आहे. उर्सुलाच्या झोपडीतलं ते उडत्या घोड्याचं मोठं चित्र हाचिनोहे गावातल्या एका शाळेच्या विशेष वर्गातल्या मुलांनी मिळून केलेल्या ठशाच्या चित्रावरून घेतलेलं आहे.

पडद्यामागची कथाही तितकीच कामाची. १९७१ साली मियाझाकी स्वीडनला गेले होते, ‘पिप्पी लाँगस्टॉकिंग’वर मालिका करायची म्हणून. लेखिका अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांनी परवानगी दिली नाही आणि सगळी तयारी फुकट गेली. पण डोळ्यांत साठलेलं स्टॉकहोम आणि विस्बी अठरा वर्षांनी किकीच्या गावात उतरलं. सिनेमा त्या साली जपानी सिनेमांत सर्वाधिक चालला. तोवर घिबलीत प्रत्येक सिनेमापुरती माणसं गोळा करायची आणि संपला की पांगवायची अशी रीत होती. किकीच्या यशानंतर चित्रकारांना कायम नोकरी आणि महिन्याचा पगार देण्याचं ठरलं. नोकरी शोधणाऱ्या मुलीच्या सिनेमानं इतकं केलं.

दुसरा ‘माय नेबर टोटोरो’. यात घडत जवळजवळ काही नाही, आणि किकीनंतर ते सोसतं. पन्नासच्या दशकातलं टोकियोजवळचं खेडं, आई क्षयानं दवाखान्यात, वडील विद्यापीठात शिकवणारे, दोन बहिणी. टोटोरो नावाचा तो केसाळ प्राणी यायला अर्धा तास लागतो. तोवर घर झाडणं, पंपाचं पाणी काढणं, शाळेचे डबे असंच चाललेलं असतं. काझुओ ओगा यांनी रंगवलेली शेतं आणि झाडी बघ, पानांच्या हिरव्यात किती हिरवे आहेत ते. मोठी बहीण सात्सुकी सगळं घर हसत ओढते आणि एका फोननंतर पहिल्यांदा कोसळते. मियाझाकींनीही लहानपणी आईचं असंच वर्षानुवर्षांचं आजारपण पाहिलं होतं, मणक्याच्या क्षयाचं.

तिसऱ्या वेळी ताकाहातांकडे वळ. घिबली म्हणजे मियाझाकी, असं धरून चालणारे अर्धा स्टुडिओ गमावतात. ताकाहाता स्वतः चित्रं काढत नसत, पण माणसं त्यांच्याइतकी बारकाईनं अॅनिमेशनमध्ये क्वचितच कुणी पाहिली असतील. १९९१ सालच्या ‘ओन्ली यस्टरडे’त सत्तावीस वर्षांची ताएको टोकियोच्या ऑफिसातून सुट्टी काढून यामागाताला जाते, कशासाठी, तर करडईच्या फुलांच्या तोडणीला. आपल्या सोलापूरकडची, मराठवाड्यातली करडईच ती. आपण ती बियांच्या तेलासाठी लावतो आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून पिकाच्या कडेनं पेरतो. तिथे पाकळ्यांपासून लाल रंग काढतात. दव असेतो काटे मऊ असतात म्हणून तोडणी पहाटे. मग धुणं, तुडवणं, कुजवणं, वड्या थापणं हे सगळं इतकं नीट दाखवलंय की पाहून कुणीही करू शकेल. मधूनमधून ताएकोला १९६६ सालची पाचवीतली ताएको आठवते. ती दृश्यं कडांना पांढरी होत विरतात. घरात पहिल्यांदा अख्खा अननस येतो. सगळे जमतात, वडील तुकडा तोंडात घालतात, आंबट निघतो, एकेक जण ताट सरकवतं आणि ताएको हट्टानं खात राहते. अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागताना अंश-छेद उलटे का करायचे, हे तिला पटत नाही म्हणून घरात तिला मंद ठरवतात. तुला गणितात किती मार्क पडायचे ते मी इथे लिहीत नाही. या सिनेमात आधी आवाज ध्वनिमुद्रित केले आणि मग त्यावर चेहरे काढले, म्हणून हसताना गालांना पडणाऱ्या घड्या दिसतात. काहींना त्या खटकतात. मला त्या जगातल्या कुठल्याही टपोऱ्या डोळ्यांपेक्षा जास्त आवडतात.

आता जरा तालीम झाली, ‘प्रिन्सेस मोनोनोके’ घे. १९९७ चा, मुरोमाची काळातला, रक्तपात असलेला. जेवताना लावू नकोस. एबोशी नावाची बाई लोखंडाचं गाव चालवते. तिनं कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या बायका भाते तुडवतात, महारोगी बंदुका घडवतात. त्यांना इतरत्र कुठेही थारा नाही. आणि त्या भट्टीसाठी रान तुटतंय, रानातले देव मरताहेत. अशा वेळी बाजू कुणाची घ्यायची? सिनेमा सोपं उत्तर देत नाही. त्यातल्या सुमारे १,४४,००० चित्रांपैकी ८०,००० च्या आसपास मियाझाकींनी स्वतः तपासली, दुरुस्त केली असं सांगतात. नंतर निवृत्तीची भाषा सुरू झाली, ती त्यांनी आजवर पाळलेली नाही.

एवढं झाल्यावर ‘स्पिरिटेड अवे’ उघड. बर्लिनचं सोनेरी अस्वल, ऑस्कर, जपानात जवळपास वीस वर्षं टिकलेला कमाईचा विक्रम हे सारं खरं. पण किकी आणि ताएको पाहून आलेल्याला त्यात आणखी काही दिसतं. देवांच्या त्या हमामखान्यात दहा वर्षांच्या चिहिरोला जगायचं तर एकच वाक्य धरून ठेवावं लागतं, मला काम द्या. मालकीण यूबाबा काम देते आणि मोबदल्यात तिचं नाव काढून घेते. पुढे एक घाणेरडा, दुर्गंधी पाहुणा येतो. त्याच्या अंगातून ओढून काढलेली सायकल आणि भंगाराचा डोंगर मियाझाकींनी कल्पनेतून आणलेला नाही; नदीच्या सफाईत त्यांनी खरोखरच गाळातली सायकल ओढली होती. शेवटाकडे पाण्यावरून जाणारी आगगाडी आहे. त्या वेळी फोन हातात घेऊ नकोस.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ कधी? एकटीनं नाही आणि रविवारी रात्री तर नाहीच. १६ एप्रिल १९८८ ला ‘टोटोरो’बरोबर एकाच तिकिटावर तो लागला, तेव्हाच्या प्रेक्षकांचं काय झालं असेल कोण जाणे. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवरचा हा सिनेमा. त्यांची धाकटी बहीण १९४५ साली उपासमारीनं गेली होती. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामाच्या बाँबहल्ल्यातून पळाले होते. भाऊ मरतो हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलेलं आहे. पाहताना त्या टोमणे मारणाऱ्या काकूकडे नीट लक्ष दे. ती क्रूर आहे, पण सगळं गाव राबतंय आणि हा मुलगा काहीच करत नाही, हे तिचं म्हणणं खोटं नाही. मुलगा बहिणीला घेऊन माणसांतूनच बाहेर पडतो आणि तिथून सगळं घसरतं.

‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ मध्ये केव्हाही चालेल. तो योशिफुमी कोंदो यांनी केला आणि हे गुणी दिग्दर्शक १९९८ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ देखणा आहे, उत्तरार्धात गोष्ट हातातून सुटते. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ आणि ‘इअरविग अँड द विच’ न पाहिल्यानं काही बिघडत नाही. ‘द बॉय अँड द हेरॉन’ अगदी शेवटी ठेव, मागचे माहीत नसतील तर तो नुसता गोंधळ वाटेल.

आणि भाषा. जपानीच लाव, खाली इंग्रजी अक्षरं वाचायची. ‘किकी’च्या १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत मांजराला वाचाळ करून ठेवलंय आणि शेवटी एक वाक्य जास्तीचं घालून मूळ सिनेमातली एक महत्त्वाची गोष्ट फिरवली आहे. कोणती, ते पाहून झाल्यावर फोनवर बोलू. बहुतेक सगळे नेटफ्लिक्सवर आहेत, ‘ग्रेव्ह’सुद्धा २०२४ च्या सप्टेंबरपासून. ‘किकी’ पावणेदोन तासांचा आहे, शनिवारी कपडे वाळत घालून झाले की बस.

तुझा,
मामा