नोकरी सांभाळून ख्रिस्ती ध्यान

प्रश्न : नोकरी आणि घर सांभाळून ख्रिस्ती ध्यान रोज कसे करावे?

उत्तर : बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन (१९२६–१९८२) यांची पद्धत नोकरदारांना विशेष सोयीची आहे. मलायात सरकारी सेवेत असताना ते स्वामी सत्यानंद यांच्याकडून जपध्यान शिकले. पुढे जॉन कॅशियन या प्राचीन साधकाच्या लेखनात तीच वाट त्यांना ख्रिस्ती परंपरेतही सापडली. १९७५ मध्ये लंडनच्या ईलिंग मठात त्यांनी ध्यानगट सुरू केला.

सकाळी आणि संध्याकाळी वीस ते तीस मिनिटे पाठ ताठ ठेवून, डोळे अलगद मिटून बसावे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१६:२२) आलेला ‘मारानाथा’ हा शब्द मनातल्या मनात मा-रा-ना-था असा, चारही अक्षरांना सारखाच वेळ देत म्हणत राहावा. ऑफिसचे काम, मुलांचा अभ्यास, विजेचे बिल हे सगळे आठवणारच. त्याच्याशी झगडू नये, लक्षात येताच शब्दाकडे वळावे. खरी साधना या वळण्यातच आहे. दर्शन किंवा अनुभूतीची वाट पाहणे मात्र घातक. त्यातूनच बहुतेकांची निराशा होते.

बायबलवाचन आणि मध्यस्थीची प्रार्थना यांची जागा ध्यान घेत नाही; त्यांना वेगळा वेळ द्यावा. संध्याकाळची बैठक जेवणाआधी उरकावी, कारण भरल्या पोटी डुलकी लागते.